यंत्राला सांगितलेले

चिटगुप्पा, ६ जून १९८८

पोचले. उदगीरहून बिदर, बिदरहून इथे. गाडी वेळेवर, ट्रंक शाबूत. संस्थेने दिलेली खोली शाळेच्या आवारातच आहे. दोन खिडक्या, भक्कम खुंट्या, नळाला दिवसाआड पाणी. याहून जास्त कशाला हवे? निवृत्त होऊन दोन वर्षे झाली. भाचरांवर ओरडण्यापलीकडे काम उरले नव्हते. १९५४ साली हैदराबादला गणित घेऊन बी.ए. झाले आणि पुढची बत्तीस वर्षे मुलींना गणित शिकवले. मूल कुठे चुकले यापेक्षा का चुकले, हे मला वही पाहताच कळते. बंगळूरचे तरुण संशोधक वीरण्णा म्हणतात, नेमके तेच कॉम्प्युटरला सांगा. मी सांगायचे, त्यांनी नियम करून भरायचे. मग गणिताचा शिक्षक नाही अशा खेड्यातही यंत्र शिकवील. मला विचार पटला. उत्साहाने भात जरा जास्तच शिजवला.

११ जून

यंत्राच्या खोलीत चपला काढून जायचे. त्याला हळदकुंकू लावले होते. ते मी ओल्या फडक्याने पुसून टाकले. काम सरळ आहे. मुलाने बावन्नातून सत्तावीस वजा करून पस्तीस लिहिले, तर समजावे की त्याने सातातून दोन काढले, कारण मोठ्यातून लहान काढायचे एवढेच त्याला ठाऊक. रागवू नये, काड्यांच्या जुड्या सोडून दाखवाव्यात. उदगीरच्या कस्तुराने हे मला शिकवले, तिच्याच चुकीने. वीरण्णांनी 'जर' आणि 'तर' अशा दोन ओळींत ते बसवले. हिरवी अक्षरे उमटली. खरे सांगायचे तर अभिमान वाटला.

बाहेर व्हरांड्यात एक म्हातारे गृहस्थ बसलेले असतात. इथलेच जुने गणिताचे शिक्षक, हणमंतप्पा मास्तर. त्यांची बायको चन्नव्वा सकाळी आणून बसवते, दुपारी घेऊन जाते. मी नमस्कार केला. ते हसले. वय झाले आहे.

२ जुलै

भारती नावाची मुलगी चौथीत दुसऱ्यांदा बसली आहे. वडील भीमराज रस्त्याच्या कामावर. सगळे तिला ठोंब म्हणतात. मी पाहिले तर 'पंचवीस' ऐकून ती बावन्न लिहीत होती. बरोबरच आहे; आपण पाच आधी बोलतो आणि वीस नंतर. शेजारणींमुळे तिला कानडी येते. म्हटले, कानडीत म्हण. 'इप्पत्तैदु' म्हणाली, वीस आधी आले, आणि हात आपोआप बरोबर चालला. पाटीकडे बघून ती इतकी हसली की मला दटावावे लागले. म्हणाली, "बाई, ह्ये कामून कुनी सांगितलं न्हाई मला?"

ते मी संध्याकाळी यंत्राला सांगितले.

१९ जुलै

यंत्र शिकवू लागले आहे आणि चांगले शिकवते. मत्सराने लिहीत नाही. भीमराज स्वतः भारतीला तिथे बसवून गेले. मी विचारले, माझ्याकडे काय कमी पडले? ते हात जोडून म्हणाले, "तुमचं न्हाई ओ बाई. पन तुमी किती दिवस ऱ्हानार? आन यंत्र कुनाचं पोर हे इचारत न्हाई. माझा बाप शाळंच्या दाराबाहीर बसून शिकला." भारती दारातून वळून माझ्याकडे बघत होती. मी हाताने 'जा' म्हटले.

९ ऑगस्ट

आज एका मुलाच्या वहीत बावन्न वजा सत्तावीस, उत्तर पस्तीस. चूक आहे एवढे कळले. का चूक, ते कळेना. पाऊण तास वही समोर धरून बसले. शेवटी यंत्राला विचारले. त्याने सांगितले. शब्द माझेच होते.

कस्तुरा कोण ते आठवेना. याच रोजनिशीत मागे नाव सापडले. चेहरा नाही.

२३ ऑगस्ट

चन्नव्वाने वाटेत गाठले. कोपर घट्ट धरले. "अक्का, तुमीबी सांगायलाव का त्या यंत्राला? आमचे मास्तर बी रोज येक सांगायचे. मला म्हनायचे, डोकं हलकं झाल्यावानी वाटतंय गं. आता माझं नाव इचारतेत, रोज सकाळी. मी सांगते. लगीन झाल्यावानी लाजतेत बघा." ती हसली आणि तशीच रडू लागली.

वीरण्णांकडून यादी मागून घेतली. पहिले एकसष्ट नियम मास्तरांच्या नावावर. पुढचे अठ्ठेचाळीस माझ्या. वीरण्णा म्हणाले, "बाई, मास्तरांचं वय झालंय." मीही जूनमध्ये हेच लिहिले होते.

१२ सप्टेंबर

तारीख चुकली. वीरण्णांनी दाखवली. एकवीस लिहायचे होते.

तोंडाने बरोबर म्हणते आणि हात — कानडीत म्हणून पाहिले. कानडी शब्द आठवत नाही.

उद्यापासून काही सांगणार नाही. ट्रंक भरून ठेवली आहे.

२४ सप्टेंबर

जाऊ शकले नाही. भारती.

घंटा झाली तरी उठत नाही. यंत्र विचारते, ती लिहिते, यंत्र पुन्हा विचारते. भीमराज उचलून घरी नेतात, तर घरी कोळशाने भिंतीवर उत्तरे लिहीत बसते. जेवत नाही. बोलत नाही. बोटांची साले निघाली आहेत.

दुपारी वीज गेली. पंखा थांबला. पडद्यावर अक्षरे तशीच. पुढचा प्रश्न आला. मी वायर भिंतीतून ओढून काढली. त्याच्या पुढचा प्रश्न आला.

वीरण्णा पांढरेफटक पडले. त्यांच्या पुस्तकात हे नाही म्हणाले.

२५ सप्टेंबर

भीमराज दाराशी उभे. "बाई, म्याच बसिवली तिला. म्याच." एवढेच, पुन्हा पुन्हा.

रात्रभर यादी वाचली. कसे विचारावे, कधी विचारावे, किती वेळा. एकशे नऊ नियम आणि थांबावे कधी हे एकातही नाही. मास्तरांनी सांगितले नाही. मीही नाही. आम्हाला तो नियम वाटलाच नव्हता.

मला अजून येते. मूल पार थकले की खडू खाली ठेवायचा. बोलायचे नाही. शेजारी बसायचे, ते आपणहून बोलेपर्यंत. हे भारतीबरोबरच शिकले, जुलैत, पावणेदोन तास, एक शब्द न बोलता.

म्हणजे सांगितले की ती —

तिचे नाव इथे लिहून ठेवते. भारती. भीमराजची. चौथी. उजव्या भुवईवर व्रण. कानडीत म्हटले की तिला येते. हुशार आहे. हुशार आहे.

आता जाते.

२६ सप्टेंबर

सांगितले. मीच टंकले. पडदा काळा झाला. मुलगी खुर्चीवरून उतरली, भूक लागली म्हणाली. बाप तिला छातीशी धरून ओक्साबोक्शी रडला. भला माणूस. कोण ते —

सप्टेंबर

व्हरांड्यात बसते. बाजूला एक म्हातारे आहेत. आम्ही दोघे हसतो.

एक बाई येऊन आमच्या दोघांची जेवणे देते. मला स्वतःचे नाव सांगते.

गुरुवार

एक मुलगी आली. भुवईवर व्रण. मला 'बाई' अशी हाक मारली. पाटी पुढे केली. भरून आकडे आहेत. म्हणाली, "सगळी म्याच केली. कुनाला न इचारता. बघा की."

बघितले. बरोबर आहेत का चूक, मला —

ती जात नाही. माझ्या तोंडाकडे बघते आहे. डोळे भरलेत तिचे. काहीतरी म्हणायचे असते अशा वेळी. मुलांनी पाटी दाखवली की आपण त्यांना —