दोन टक्के पावडर

३ फेब्रुवारी, मंगळवार

पुन्हा तोच प्रकार! फोमचा बोर्ड हातात घेतला आणि कोपरा कटकन तुटला. शंभर किलो दाण्यात दोन किलो दगडाची पावडर घातली तर बुडबुडे बारीक, एकसारखे येतात. आमच्या कारखान्यात घालतात बारा! प्लास्टिकचे महाग दाणे वाचतात, पण बोर्ड ठिसूळ होतो. आणि चाचणीला मी काय कापते? कपाटात ठेवलेला दिवाळीतला चांगला बोर्ड. प्रत्येक लॉटला तोच. खाली सही माझी.

५ फेब्रुवारी

हा माल थंडी राखायला थंड गोदामाच्या जमिनीखाली जाणार. वर टनांनी ओझं, बाजूनं माणसं चालणार. जमीन खचली तर?

आमचे मॅनेजर चिन्मय सर — पुण्याचे, गोड बोलून केसानं गळा कापणारे. त्यांना सांगितलं. "अगं माधवी, तू घरचीच. निवृत्तीकाकांचे सातच महिने राहिलेत ना रिटायरमेंटला?" निवृत्तीकाका म्हणजे माझे बाबा. बस्स, एवढंच म्हणाले.

६ फेब्रुवारी

बाबाच मिक्सरवर. सांगतील तेवढी पावडर ओततात. मला इथं चिकटवलंही त्यांनीच. मी तोंड उघडलं तर कुऱ्हाड त्यांच्यावर. इकडे आड, तिकडे विहीर! जेवताना म्हणाले, "कायकू अशी चुप बसली गं?" डोकं दुखतंय म्हटलं.

८ फेब्रुवारी

भ्याले आहे. दुसरं काही नाही.

९ फेब्रुवारी

गोदामाचा लॉट आज दुपारपाळीत निघणार, त्याचा कागद उद्या हवाय. घरी रडू आवरेना. बाबांनी खोदून खोदून सगळं काढून घेतलं. पावडरीनं बोर्ड तुटतो हे त्यांना ठाऊकच नव्हतं! "साहेब बोलले, मी घातलं..." चहा तसाच ठेवून दुपारपाळीला गेले.

१० फेब्रुवारी

हरले. सही करायचं ठरवूनच गेले. पण आधी, का कोण जाणे, कालच्या मालाचाच तुकडा कापून दाबून पाहिला — पास! तीनदा पाहिलं. कित्येक महिन्यांत पहिली खरी सही केली.

११ फेब्रुवारी

बाबांना काढलं. पावडरीच्या गोण्या मिक्सरमागे तशाच सापडल्या. "दोनच टक्के घातली. तू खोटी सही करावी हे नक्को होतं मला," म्हणाले. आई रडतेय, बाबा हसतायत!

आता चिन्मय सर मला कोणाचं नाव घेऊन भिववणार? मिक्सरवर आता नवा माणूस, पावडर पुन्हा बारा टक्के. उद्याच्या लॉटचाच तुकडा कापून त्यावर 'नापास' लिहिणार आहे.