अंगणातली पाटी

मिलर्स रन, पेनसिल्व्हेनिया
१२ ऑक्टोबर

चि. लोर्नास,
अ. आ. वि. वि.
फोनवर आपण भांडतो, म्हणून लिहितो. रेडिओवर तू म्हणालीस की जिथे पदव्या कमी, तिथे त्या पक्षाला मतं जास्त, आणि उदाहरणाला आपलंच गाव घेतलंस. बाबांना वाटलं, प्रोफेसर पोरीने गावाचं नाव काढलं. चर्चच्या जेवणात सगळ्यांना सांगत सुटले. शेवटी शेजारच्या ऑर्विलने टोमणा मारला की बाबा रे, ती तुला अडाणी म्हणाली. बाबा हसले. घरी येऊन त्यांनी अंगणात त्या पक्षाच्या प्रचाराची पाटी ठोकली. जन्मात पहिली.

लाकूडगिरणीतला भुसा त्यांच्या छातीत बसलाय. डॉक्टर नाताळचं नाव काढत नाहीत. ये.
रागासकट का होईना, लोभ ठेव.
तुझा दादा, वर्लिन

पिट्सबर्ग
२१ ऑक्टोबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.
मी आकडे सांगितले, बाबांना नाही बोलले. पण माझ्या अर्ध्या विद्यार्थ्यांना त्या पाटीवरच्या पक्षाची भीती वाटते. ती असेपर्यंत मी उंबरा ओलांडणार नाही. शनिवारी दुपारी येते. तेवढी पाटी काढायला सांग. बाबांसाठी ॲपल पाय भाजून आणते. तुला त्याच्या खुसखुशीत कडा मिळतील.
लोभ आहेच, तो ताणू नकोस.
लोर्ना

मिलर्स रन
७ नोव्हेंबर

चि. लोर्नास,
अ. आ. वि. वि.
मंगळवारी चर्चच्या तळघरात मतदान होतं, म्हणून बाबांचं दफन बुधवारी झालं. तू कबरीपाशी आलीस, घरी आली नाहीस. म्हणून हे लिहायला हवं.

त्या शनिवारी सकाळी बाबांनी माझ्याकडून दाढी करून घेतली. म्हणाले, पाटी काढ, पोरगी येतेय. मी हो म्हणालो आणि काढली नाही. मला वाटलं, एकदा तरी शिकलेल्या बाईने आमच्यापुढे मान खाली घालून आत यावं. खाटेवरून त्यांना अंगण दिसत नव्हतं. तुझी गाडी थांबल्याचं त्यांनी ऐकलं, मग माघारी वळल्याचंही. म्हणाले, रस्ता चुकली असेल, शिकलेल्यांचं असंच. आठवडाभर दार उघडं ठेवायला लावलं.

रोज प्रार्थनेत तुझं नाव घेतो. परवा स्वतःचं घेताना जीभ अडली.

पाटी उपटली आहे. अंगण मोकळं आहे.
लोभ मागायचं तोंड नाही.
वर्लिन