गॅलरीतलं बारदान

माय, तू गेल्याला आता नऊ वर्षं झाली. एवढ्या वर्षांत तुझ्याबद्दलचं एक खोटं मी किती बायांना सांगितलं असेल, त्याची गणती नाही. आज हरसूलहून परत येताना एसटीत ठरवलं, निदान तुला तरी खरं लिहावं. तुला वाचता येत नव्हतं म्हणूनच लिहायचं धाडस होतंय, तेही कबूल करते.

लेक नर्सबाई झाली याचा तुला केवढा तोरा होता! नव्वदीचं दशक सरत आलं होतं. तू नामपूरहून आलीस की मी नाशिकला इंदिरानगरच्या भाड्याच्या खोलीत, ओट्याशी उभी राहून, दुसऱ्या दिवशीच्या गावातल्या आरोग्य-सभेची तालीम करायचे. चित्रांचा तक्ता पिठाच्या डब्याला टेकवायचा आणि तुलाच जमलेल्या बाया समजून बोलायचं. गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरचा धोका कोणाला जास्त? लहान वयात लग्न झालेली, लागोपाठ बाळंतपणं झालेली, तंबाखू-मिश्री लावणारी, कधीच तपासून न घेतलेली. तू लसूण सोलता सोलता हसलीस. "हाई तर मनी पत्रिका शे वं!" म्हणालीस. चौदाव्या वर्षी लग्न, सात बाळंतपणं, कमरेला मिश्रीची डबी. मीपण हसले. मग "ही कारणं असली म्हणजे होतोच असं नाही," हे पाठ केलेलं वाक्य म्हटलं आणि पान उलटलं. तुला तपासून आणू या, हे काही माझ्या तोंडातून निघालं नाही. मिश्रीवरून मात्र झापलं. जित्याची खोड मेल्याशिवाय जायची नाही, असं तुझ्या पोटच्या पोरीनं तुला सुनावलं. काय जीभ होती माझी!

त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात आम्ही स्वतःचा फ्लॅट घेतला. वास्तुशांतीला अण्णांनी तुला एकटीलाच एसटीत बसवून दिलं, कारण कांद्याची काढणी चालली होती. माझी ओटी तू भरायची होतीस. सकाळी गुरुजी आलेत, सासूबाई आहेत, माझ्याबरोबर सभा घेणाऱ्या चार मैत्रिणी आल्यात, आणि तू कुठे दिसत नाहीस. शोधत येते तर तू गॅलरीत. सामान बांधून आणलेलं कांद्याचं बारदान अंथरून त्यावर बसलेली, पाण्याचा तांब्या वेगळा, पाय पोटाशी घेतलेले. पाच वर्षं झाली होती तुझी पाळी जाऊन. माझ्याकडे न बघताच तू सांगतेस, "माले हात नको लावू. मी बाहेर शे. माले परत येवाले लागनं."

माय, माझ्या तक्त्यावर ते चित्र होतं. पाळी गेलेल्या बाईला पुन्हा रक्त दिसलं तर लगेच दवाखाना. सातवं पान. पण मला तुझं रक्त दिसलंच नाही, फक्त बारदान दिसलं. बाया बाजूला बसतात त्याविरुद्ध गावोगाव भाषणं देणारी मी, आणि माझ्याच नव्या घरात माझीच आई विटाळ धरून बसलेली. मैत्रिणी काय म्हणतील! मी दात-ओठ खात तुला म्हणाले, "ऊठ. माझ्या घरात ही नाटकं चालणार नाहीत. असलं खूळ नामपूरला सोडून यायचं." तू एकदा मान वर केलीस. काहीतरी बोलणार होतीस. मी तुझ्या दंडाला धरून उठवलं आणि मोरीकडे नेलं. अंघोळ करून तू माझी ओटी भरलीस, पण देवाकडे एकदाही बघितलं नाहीस. देवाला बाट लावल्याचं पाप आपल्या माथी आलं, एवढंच तुझ्या मनात असणार. मैत्रिणींपुढे मी मिरवलं, "बघा, आमची आई कशी सुधारली!" लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. ते बारदान मी दुपारी कचऱ्यात टाकलं.

त्यानंतर तू अंगावरून जाण्याचा विषय कधीच काढला नाहीस. दिवाळीला नामपूरला आले तर तू निम्मी झालेली, कंबर धरून चालणारी. तेव्हा कुठे मला सातवं पान आठवलं. दुसऱ्याच दिवशी तुला नाशिकला आणलं. डॉक्टरीणबाईंनी तपासून हात धुतले आणि विचारलं, "कधीपासून जातंय? तुम्ही नर्स ना? तुम्हाला माहीत नव्हतं?" मी म्हणाले, "तिनं कधी सांगितलंच नाही, मॅडम." तू टेबलावरच होतीस, लुगडं सावरत. तू माझ्याकडे बघितलंस. मग त्यांना म्हणालीस, "हा बाई. मीच पोरले सांगं नही."

फार उशीर झालाय म्हणाल्या त्या. सहा महिने आधी आणलं असतं तर, असंही म्हणाल्या, आणि तेवढ्यावरच थांबल्या. मी मनात महिने मोजले. वास्तुशांतीपासून सहाच होत होते.

पुढे मी ते खोटं भाषणात घातलं. "माझ्या आईनं माझ्यापासून लपवलं, तुम्ही लपवू नका." बाया डोळे पुसतात. मग एकदोघी मागे रेंगाळून हळूच काहीतरी सांगतात, त्यांना मी दवाखान्यात नेते. काही जणी वेळेत पोचल्या, म्हणून मी मनाची समजूत घालते. आज हरसूलच्या बाजाराच्या दिवशी एक म्हातारी पुढेच बसली होती. ऐकून म्हणाली, "तुझ्या आयचं लय चुकलं बाई. लेकीला नाय सांगायचं तर कोणाला?" सगळ्या बायांनी माना डोलावल्या. मी पण डोलावली.

कोणी बाई आता "बाहेर हाय" म्हणाली, तर मी आधी वय विचारते, मग कधीपासून ते विचारते. दोन प्रश्न. गॅलरीत तेवढेच विचारायचे होते.

हे लिहायला बसले तेव्हा वाटलं होतं, लिहून झालं की पुढच्या सभेत खरं सांगेन. परवाच सभा आहे. नाही व्हायचं माझ्याच्यानं, माय. परवाही तूच लपवलंस असं सांगणार आहे मी.