तुमची नात हॉर्न देत नाही

आबा,

तुमची नात शुक्रवारी परदेशात गाडी चालवायला निघणार आहे. तरुण चालकांसाठी एक आंतरराष्ट्रीय स्पर्धा असते, वेगाची नव्हे, सुरक्षित गाडी चालवण्याची. आपल्याकडून जी मोजकी मुलं निवडली गेली त्यांत ती आहे. व्हिसाचं अडलं होतं, तेही काल दुपारी सुटलं. स्पर्धेच्या मुंबईच्या कार्यालयातल्या बाईंनी स्वतः फोन करून सांगितलं. मी तेव्हा स्वयंपाकघरात जवळा निवडत होते. "शुक्रवारी नक्की ना?" असं मी त्यांना पुन्हा पुन्हा विचारलं. बातमी तपासून घ्यायची माझी पेपरातल्या नोकरीची सवय, असं त्यांना वाटलं असेल तर बरं.

सगळ्यांना वाटतं, तिथे रस्त्याच्या उजव्या बाजूने चालवायचं म्हणून मी घाबरलेय. शेजारच्या वहिनी कुंपणावरून म्हणाल्या, "उलट्या बाजूनं पोर कशी गं चालवणार?" ते ती केव्हाच शिकली. माझी काळजी तिथली नाहीच, इथली आहे. आबा, तिने हॉर्न देणं सोडलंय.

तुम्हाला हे ऐकून काय वाटेल याची मला कल्पना आहे. चौलची सुपारी आणि नारळ घेऊन तुमचा टेम्पो माणगावच्या बाजाराला जायचा, तेव्हा सुट्टीत मी पुढे बसायची. वळण आलं की हॉर्न, चढ आला की हॉर्न, म्हैस दिसली की हॉर्न, आणि रस्त्याकडेला देऊळ आलं की एक छोटासा, हळू, नमस्काराचा. आई म्हणायची, "ह्यांची गाडी गावात शिरायच्या आधी मी तांदूळ धुवायला घेते." पुढे मी शिकायला लागले तेव्हाचा तो दिवस तर मला आजही समोर दिसतो. काशीदच्या अलीकडचा उतार आहे, तुम्ही शेजारी बसला आहात, मी वळण घेते, व्यवस्थित घेते, आणि तुम्ही म्हणता, "थांबव." गाडी बाजूला घेतल्यावर तुम्ही आवाज न चढवता बोलता. "मुकी गाडी कोणाला शिकवत नसतो मी. अगं, बैलाच्या गळ्यातसुद्धा घुंगरू असतात." त्या दिवशी घरी येईपर्यंत तुम्ही मला पुन्हा चाक दिलं नाही. नंतर माझा हात इतका पक्का झाला, की माझ्या शेजारी बसून वाढलेल्या तुमच्या नातीच्या हातातही तो आपोआप उतरला.

तोच हात निवड चाचणीत तिला नडला. नवी मुंबईच्या मैदानावर आखलेला रस्ता होता, पुढे-मागे कोणी नाही, आणि हिने मध्येच हॉर्न दिला. परीक्षकांनी विचारलं, "कशासाठी?" ही म्हणाली, "डावीकडे देऊळ होतं." मैदानाच्या भिंतीपलीकडे खरोखरच एक देऊळ होतं म्हणे. सगळे हसले, पण गुण गेले. तिच्या प्रशिक्षकांनी मला बाजूला घेऊन समजावलं, "मॅडम, तिकडे उगाच हॉर्न म्हणजे तोंडावर शिवी. एवढं निघालं ना, तर पोरगी टॉप आहे."

मग तिने ते काढायचंच ठरवलं. काशीदच्या एका रिसॉर्टमध्ये तिची नोकरी आहे. रेवदंड्याचा पूल ओलांडून, कोर्लईवरून पुढे समुद्राच्या कडेने, तोच तुमचा वळणांचा रस्ता, रोज जाऊन-येऊन. या रस्त्यावर ती गेले काही महिने हॉर्नला हात न लावता गाडी चालवते आहे. आणि मी जिल्ह्याच्या पेपरात बसून, पान छपाईला सुटायच्या आधी, वळणावर समोरासमोर धडक झाल्याच्या बातम्या चार ओळींत बसवते आहे. इतकी वर्षं ते काम मी चहा पिता पिता केलं. आता अशी बातमी आली की मी आधी गाडीचा रंग शोधते.

गेल्या रविवारी मी तिच्या शेजारी बसले. काशीदच्या अलीकडे तोच उतार आला. माझा तळहात मांडीवरून उचलला गेला, तिचा नाही. तिने गाडी इतकी हळू केली, की पायी चालणाराही पुढे गेला असता, आणि डावी कड धरून वळली. समोरून पर्यटकांची गाडी रस्त्याच्या मधोमध, गाणी लावून. दोघांनी ब्रेक मारले. मध्ये हातभर जागा उरली.

ती चालवणाऱ्या पोराने काच खाली केली. "ओ ताई, हॉर्न नाय काय गाडीला?"

"आहे. तुला डावी बाजू नाय काय?"

तो काहीतरी पुटपुटत निघून गेला. कडेला मासळीची पाटी घेऊन एक म्हातारी उभी होती, ती मात्र जवळ आली. "हॉर्न मारायचा व्हय, बाय. आमी म्हातारी मानसं आवाजावर चालतो, डोल्यांवर न्हाय."

हिने गाडी पुढे काढली. पुढे सपाटीला आल्यावर मला म्हणाली, "आई, मी हळू होते म्हणून थांबले. हॉर्न देऊन आले असते तर तुझ्यासारखी वेगात आले असते." हे खरं आहे, आबा. हॉर्न दिल्यावर तुमचा पाय ॲक्सिलरेटरवरून कधी उचलला गेल्याचं मला आठवत नाही, माझाही नाही. तुम्ही रस्त्यावर नाही, अंथरुणावर शांतपणे गेलात, याचं श्रेय आम्ही सगळे तुमच्या हॉर्नला देत आलो. ते नुसतं नशीब होतं का, हा प्रश्न मला त्या दिवशी पहिल्यांदा पडला. ती माझ्याहून चांगली चालवते. तुमच्याहूनही, रागावू नका. पण इथे समोरून येणारा तुमच्यासारखा चालवतो, आणि आवाज आला नाही की रस्ता मोकळा आहे असं धरून येतो. आणि त्या म्हातारीचं काय करायचं, हे तिच्या प्रशिक्षकांच्या कोणत्याही धड्यात नाही. मी तिला म्हटलं, "तिथे देऊ नकोस, इथे देत जा." ती म्हणाली, "हात असा दोन देशांचा होत नाही गं. परत आल्यावर बघू."

पहिल्या फेरीचा निकाल पुढच्या आठवड्यात अपेक्षित आहे, असं त्या बाई म्हणाल्या. जे पुढे जातील त्यांना तिथेच ठेवून घेणार, आणखी महिनाभर सराव आणि मग अंतिम फेरी. जे गळतील ते लगेच परत. काहीही झालं तरी विमानतळावरून घरापर्यंत गाडी मीच आणणार, असं तिने आजच बजावून ठेवलंय. येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर मी तिला म्हणते, जिंकूनच ये. आणि मनात सारखं येतं, की महिनाभराच्या सरावाने हात कायमचा मुका व्हायच्या आधी, ती पहिल्याच फेरीत गळावी. हे मी तिच्या बाबांनाही सांगितलेलं नाही.