हिरव्या चेहऱ्याचं चित्र

आई, काल दुपारी इथं रेजिनाच्या एका गॅलरीत तुझं चित्र भिंतीवर पाहिलं. या देशाला दीडशे वर्षं झाली म्हणून यंदा सगळीकडे प्रदर्शनं चालू आहेत. हे होतं कुणी फारशी दखल न घेतलेल्या कृष्णवर्णीय चित्रकार बायकांचं. ऑफिसच्या लंच ब्रेकमध्ये मी सहज डोकावले. वळले, आणि समोर तू. हिरवा-पिवळा चेहरा, काळ्या जाड रेषा, मांडीवर टाकलेले भलेमोठे लाल हात, अंगात हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीतला निळा झगा. मागे असा केशरी रंग की भिंत पेटलीय असं वाटावं. बाजूच्या पाटीवर लिहिलं होतं : ‘बसलेली बाई. तैलरंग. बाई कोण, माहीत नाही.’ तुला जाऊन एकोणीस वर्षं झाली, आणि मी तिथल्या बाकावर बसून तुझ्याकडे बघत राहिले.

ती चित्र काढणारी तुझ्याबरोबर लॉन्ड्रीत चादरींच्या घड्या घालायची. जमैकाहून आलेली, एकटी. आपण तेव्हा स्कारबरोत राहायचो, आणि ती दोन रस्ते सोडून एका बेसमेंटमध्ये. दर शनिवारी तू तिच्याकडे जायचीस. ‘काय करतेस गं तिथं?’ मी एकदा विचारलं, तर तू आपल्या नागपुरी सुरात म्हणालीस, ‘काही नाही वं, नुसती बसतो. कोणी ऊठ म्हणत नाही.’ ती तुझं चित्र काढतेय हे काही बोलली नाहीस. मीही पुढं विचारलं नाही. पंधरा वर्षांची होते, आणि शाळेत सांगून ठेवलं होतं की माझी आई नर्स आहे.

मग हिवाळ्यातली ती दुपार. तू कामावर, माझ्या दोन मैत्रिणी घरी. बेल वाजते. दारात ती उभी आहे, बुटांवर बर्फ, काखेत चादरीत गुंडाळलेलं काहीतरी मोठं. हसत चादर बाजूला करते. ‘तुझ्या आईसाठी आणलंय. तिनं अजून पाहिलेलं नाही.’ मला दिसतो तो निळा झगा, ते हात. मागून मैत्रीण विचारते, ‘हू इज दॅट?’ आणि मी म्हणते, ‘माय मॉम डझन्ट वॉन्ट इट. शी डझन्ट वॉन्ट यू टू कम हिअर.’ ती विचारते, ‘तिनं असं सांगितलं?’ मी ‘हो’ म्हणते. ती चादरीची टोकं परत नीट आत खोचते, सावकाश, आणि जाते.

पुढच्या शनिवारी तिनं दार उघडलं नाही, तू तिच्या दारावरून परत आलीस. तिनं शिफ्टही बदलून घेतली. पोळ्या लाटता लाटता तू मला विचारलंस, ‘माझं काय चुकलं असंन वं?’ मी म्हटलं, ‘लोक असतात तसे.’ तू मान हलवलीस आणि पोळी उलटलीस. त्यानंतर तू शनिवारीही ओव्हरटाइम घ्यायला लागलीस.

काल गॅलरीतली मुलगी पाणी घेऊन आली. ‘आर यू ओके?’ मी सांगून टाकलं, ही माझी आई आहे. तिच्या डोळ्यांत पाणीच आलं. म्हणाली, चित्रकार बाई वारल्या, पण शेवटपर्यंत हे एक चित्र त्यांनी कुणाला विकलं नाही. मग वही काढून तिनं तुझं नाव विचारलं, गाव विचारलं. मी ते सांगितलं, तुमचे शनिवार सांगितले, तू नर्स नव्हतीस हेही. शेवटी तिनं विचारलं, दोघी इतक्या जवळच्या होत्या, तर चित्र तुमच्या घरी कसं आलं नाही?

मी म्हटलं, ‘आम्ही घर बदललं. राहून गेलं असेल.’ तिनं ते लिहून घेतलं. सोमवारी तुझ्या नावाची नवी पाटी लागणार आहे, आणि तिच्यावर हेही असेल. मी तिला थांबवलं नाही, आई.