कॉटभर जागा

३ मार्च
गादी दाबली की बोट रुततं! परत करायची. दुकानदार म्हणाला, "मॅडम, लोण्यासारखी आहे." लोण्यासारखी नकोय हो मला. संस्थेतल्या ताईंनी बजावलंय — बाळाची गादी टणक हवी, मऊ गादीत नाकतोंड दबतं. परवा त्या घर बघायला येणार. आम्हाला बाळ दत्तक द्यायचं की नाही, ते मग ठरणार. आणि इथे गादीचाच पत्ता नाही.

४ मार्च
नणंदेने तिच्या मुलाची कॉट पाठवली. लाकूड सुरेख, पण गजांमधून शीतपेयाचा कॅन आरपार गेला. म्हणजे बाळाचं अंग घसरणार आणि डोकं अडकणार. एक बाजू खालीवर सरकणारी, तिची कडीही सैल. फोन केला तर फणकारली — "माझा नाही का वाढला त्यात?" वाढला, बाई! तरी नको. आता तोंड फुगवून बसलीय. बसू दे.

संध्याकाळी नवी आणली. साधी, चारही बाजू पक्क्या. नवरा जोडायला बसला. दिवसभर लेथवर लोखंड कापणारा माणूस, आणि शेवटी एक स्क्रू उरलाच! "जास्तीचा दिला असेल." सगळं परत खोलायला लावलं. बडबडला, पण खोललं. स्क्रू तळाच्या फळीचा निघाला.

कॉट खिडकीशी ठेवलीय. पलंगाच्या पलीकडे माझं शिलाई मशीन आहे, ते हलणार नाही. सांगून ठेवलंय.

५ मार्च
ताई येऊन गेल्या.

पडद्याची दोरी कॉटशेजारी लोंबत होती. बाळाच्या गळ्यात अडकू शकते, म्हणाल्या. मला दिसलीच नाही! आणि माझा जन्म जातोय लोकांचे पडदे शिवण्यात. कॉट लगेच आतल्या भिंतीला सरकवली, पलंगाला लागून.

मग त्यांनी गजांभोवतीची झालर चाचपली. मी शिवलेली. आत कापूस, वर बदकं. मूल होत नव्हतं त्या सगळ्या वर्षांत थोडी थोडी शिवत आले. "सुंदर आहे," ताई म्हणाल्या, "पण काढा. उशी, पांघरूण, खेळणी, आत काही नको. बाळ उताणं आणि एकटं." हो म्हणाले. त्या गेल्यावर स्वयंपाकघरात जाऊन रडले. झालरीसाठी कोण रडतं!

६ मार्च
आई आली. उशी घेऊन! "ही काय झोपायची जागा? नुसता पिंजरा!" समजावलं. परत समजावलं. मग ओरडले. ती उशी मांडीवर घेऊन म्हणाली, "तुला मी उशीवरच झोपवलं होतं." म्हटलं, म्हणून तर अशी निघाले. हसली एकदाची. जाताना उशी माझ्या कपाटात लपवून गेलीय. मला कळलं नाही असं तिला वाटतं.

९ मार्च
फोन नाही.

१० मार्च
आजही नाही. त्या दोरीमुळे नापास केलं असेल? कशात म्हणून जीव लागत नाही. कॉट पुन्हा पुन्हा हलवून बघते. हा म्हणतो, "किती हलवशील? चक्कर येईल तिला." ग्राहकाच्या पडद्याची शिवण वाकडी गेली, उसवली.

११ मार्च
आला फोन! माझ्या नाही, ह्याच्या मोबाईलवर, वर्कशॉपमध्ये. मशीनं धडधडत होती, एका कानात बोट घालून बोलला म्हणे. तेलकट हातांनी तसाच धावत घरी. "ताई म्हणाल्या, जुळलंय!"

आणखी काय म्हणाल्या? "चालेल ना, असं विचारलं. म्हटलं, चालेल काय, धावेल!" जागा पुरेल ना, हेही विचारलं. हा म्हणाला, भरपूर. आता एवढ्याशा जिवाला जागा ती किती लागणार! मुलगा की मुलगी, ते विचारायचंच विसरला. गाढव! पण दाराचा कोयंडा तेलाने माखला तरी मी काही बोलले नाही. उद्या बघायला बोलावलंय.

१२ मार्च
"जुळलंय" नव्हे. ताई म्हणाल्या होत्या, "जुळंय."

मुली. दोघी. एक माझ्या मांडीवर दिली, एक ह्याच्या. दोघींना एका कॉटमध्ये झोपवायचं नाही, ताईंनी आधीच सांगून टाकलं. शिलाई मशीन उद्या बाहेरच्या खोलीत.

ताईंनी पुन्हा विचारलं, "चालेल ना?" हा मांडीवरच्या बाळाची बोटं मोजत होता. मीच म्हणाले — धावेल.