जिन्यातली अर्थिंग

४ नोव्हेंबर
आज मम्मीला शॉक लागला. विजेच्या कुकिंग रेंजवरून कढीचं पातेलं उतरवत होती. हात मागे फेकला गेला, मनगटावर गरम कढी. रेंज जुनी झालीये, पत्र्याला हात लावला की मुंग्या यायच्याच. पण गॅस परत आणणार नाही. मम्मी गॅसचं बटण चालू ठेवून चर्चला निघून जायची.
ओरडणं ऐकून वरून रुबेन आला. माझा सख्खा भाऊ, तो वरच्या मजल्यावर, मम्मी आणि मी खाली. जिन्यातूनच म्हणाला, वय झालंय, हात थरथरतात तिचे. आणि गेला. हात बघितलासुद्धा नाही.

७ नोव्हेंबर
नवी इलेक्ट्रिक रेंज आली. दुकानाचा माणूस प्लगपॉइंट बघून थांबलाच. आधी घरचं वायरिंग चेक करून घ्या, मग बोलवा म्हणाला. खोका किचनच्या मधोमध. जुनी बंद ठेवलीये, म्हणून डाळ-भात शेजारच्या सिल्वीकडून. ती प्रेमाने देते, पण मला मागायला लागलं.

८ नोव्हेंबर
नाक्यावरचा इलेक्ट्रिशियन येऊन गेला. टेस्ट लॅम्प लावला, पेटला नाही; अर्थिंग मिळतच नाही, म्हणून करंट पत्र्यात उतरतो म्हणाला. शिवाय प्लगपॉइंटची वायर बारीक, नव्या रेंजला झेपणार नाही, मेन बोर्डापासून जाड ओढायला हवी. बोर्ड जिन्यात. आणि जिना रुबेनने जाळी ठोकून आपला करून टाकलाय. बोर्डाच्या समोर त्याचं चपलांचं कपाट, भिंतीला पक्कं.
वर गेले. त्याच्या बायकोने, लीनाने, दार अर्धंच उघडलं. रुबेन आतून म्हणाला, कपाट हलणार नाही. घर बिल्डरला द्यायचंय, आता कशाला फोडाफोडी. द्यायचंय म्हणे. माझी सही झालेली नाही, मालाडच्या या गावठाणात सगळ्यांना माहीत आहे, यालाच तेवढं नाही.

९ नोव्हेंबर
रविवारच्या मासच्या प्रार्थनेनंतर चर्चच्या अंगणात लीनाला गाठलं. नीट बोलायचं ठरवून गेले होते. ती म्हणाली, "कपाट बसवलं तेव्हाच सुतार म्हणालेला, एक वायर तुटलीये. इतके दिवस काय झालं का?"
म्हणजे यांना माहीत होतं.
मी विचारलं, रुबेनला पण? ती पर्समध्ये काहीतरी शोधायला लागली.
मम्मीला काही सांगितलं नाही. मनगटावरचा फोड फुटलाय.

११ नोव्हेंबर
वीज कंपनीत तक्रार दिली. काउंटरवरच्या बाईने विचारलं, तक्रार कोणाविरुद्ध? म्हटलं, घराविरुद्ध. भावाचं नाव तोंडातून निघालं नाही, त्याचाही राग आला.

१३ नोव्हेंबर
तपासणीवाले आले. दोन्ही मजल्यांना अर्थिंग नाही. वरचा गीझरसुद्धा तसाच, ज्याच्याखाली त्याची पोरगी रोज आंघोळ करते. दुरुस्ती होईपर्यंत अख्ख्या घराची लाइट कापून गेले.
रुबेन खाली आला. "भावावर कंप्लेंट केलीस, फिली?"
मी मम्मीचा हात धरून त्याच्यासमोर केला. "हा बघ. वायर तुटल्याचं तुला माहीत होतं."
तो हाताकडे न बघता म्हणाला, "कंपनीवाले बोलावण्याआधी मला एकदा सांगायचं होतंस."
सांगितलं होतं. अर्ध्या दारातून.
मम्मी म्हणाली, हात सोड, दुखतोय. मला म्हणाली, त्याला नाही. खूप घट्ट धरला होता मी.

१४ नोव्हेंबर
कपाट रुबेनने स्वतः काढलं. लॅमिनेट टराटर फाटलं, खालपर्यंत ऐकू आलं. मला बरं वाटलं, खोटं कशाला लिहू. इलेक्ट्रिशियनने अर्थिंग जोडली, जाड वायर ओढली. टेस्ट लॅम्प पेटला. संध्याकाळी कंपनीने लाइट परत दिली. रुबेन जिन्यात उभा होता, मी बाजूने गेले.

१५ नोव्हेंबर, शनिवार
रेंज बसली. पत्र्यावर पूर्ण तळहात ठेवून बघितला, काही नाही. बोंबलाचं कालवण टाकलं.
जेवताना रुबेन आला. माझ्याकडे पाठ करून मम्मीला म्हणाला, "तू वर चल राहायला. ही आज भावावर कंप्लेंट करते, उद्या तुझ्यावर करेल."
मला वाटलं मम्मी त्याला हाकलेल. ती काटा काढत राहिली. मग म्हणाली, बघते.
तो गेल्यावर विचारलं, काय बघतेस?
म्हणाली, "तुम्ही दोघं माझा हात ओढता. मला कुणी ओढणार नाही अशा ठिकाणी जायचंय."
ताट धुतलं आणि झोपली. तिने काढलेली कपड्यांची बॅग पलंगावर, तिच्या पायाशी आहे. भरलेली की रिकामी, हात लावून बघितलं नाही.